उष्टी हवा

आमची शाळा बंद करायचं कुणा माणसानं ठरवलंच नव्हतं, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेही कळत नव्हतं. ठरवलं होतं एका पांढऱ्या डबीनं. आणि त्या डबीपुढे आम्हीच हौसेनं नारळ फोडला होता.

मी तेव्हा सातवीत होते. आमची बोरजाईवस्ती म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा उघडा माळ. द्राक्षबागा, बेदाण्याची शेडं आणि मेंढरं, एवढंच आमच्याकडे बघायला मिळतं. वारा मात्र हवा तेवढा. माझं नाव स्वरांजली बंडगर. आईला ते नाव टीव्हीवर आवडलं होतं, पण एवढं लांब नाव माळावरून हाक मारायला परवडत नाही, म्हणून घरीदारी सगळे मला अंजे म्हणतात. दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. मी शाळेसाठी मागे काकीकडे राहते. आमच्या सगळ्या भावकीत सातवीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

त्या वर्षी खरखरीची साथ आली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण झालेल्या माणसाच्या छातीतून करवत चालवल्यासारखा आवाज यायचा, म्हणून सगळीकडे खरखरच म्हणायचे. ती हवेतून पसरायची. मागच्या साथीत सगळ्याच शाळा सरसकट बंद ठेवल्या आणि मुलं वाचायचंसुद्धा विसरली, असं मोठी माणसं सांगायची. म्हणून या वेळी सरकारनं ठरवलं की शाळा एकदम बंद करायच्या नाहीत. प्रत्येक वर्गात एक डबी लावायची आणि डबी सांगेल तसं करायचं.

डबी आली त्या दिवशी जमादार मॅडमनी ती टेबलावर ठेवली. आमच्या एका खोलीच्या शाळेत पहिली ते सातवी सगळे विषय त्याच शिकवायच्या. तिला हळदकुंकू लावून झालं, खोबरं वाटून झालं, मग मॅडमनी तिचं काम समजावलं.

"आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. त्यामुळे खोलीतला तो वायू मोजला की एक हिशेब निघतो. आत्ता तुम्ही जो श्वास घेतलात, त्यातला किती भाग आधी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून फिरून आलाय, तो."

माझ्या शेजारी बसणारी पूनम म्हणाली, "म्हंजे उष्टी हवा, मॅडम?"

वर्ग हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "अगदी बरोबर. उष्टी हवा. खरखर झालेलं एक माणूस खोलीत असलं, तर त्याचा आजार त्या उष्ट्या हवेतूनच आपल्यापर्यंत येतो. जेवढी उष्टी हवा कमी, तेवढा धोका कमी."

डबीत दुसराही एक कप्पा होता. त्यात एक ओली पट्टी होती. खरखरीच्या विषाणूचा कण तिच्यावर बसला, तर पट्टी निळी चमकायची. पण ती चमकेपर्यंत थांबायचं नाही, असा नियम होता. शंभरातला एक श्वास उष्टा, ही मर्यादा. तिच्यावर आकडा गेला की दिवा लाल, आणि लाल दिवा लागला की वर्ग बंद. आकडे डबीतून आपोआप मुंबईला जायचे. मध्ये कुणाला हात लावता यायचा नाही.

आमचा दिवा प्रार्थना संपायच्या आतच लाल झाला.

त्याचं कारण आमची नवीकोरी इमारत. आधी आमची शाळा जुन्या कौलारू खोलीत भरायची. तिच्या फटींतून चिमण्या यायच्या, वारा यायचा, कधी कधी साप यायचा. ती पाडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. नवी खोली स्लॅबची, रंगवलेली, एकाच भिंतीला खिडक्या असलेली. त्या सताड उघडल्या तरी हवा एका बाजूनं यायची आणि तिथंच घुटमळायची. शंभरातले तीन श्वास उष्टे. बाहेर झाडाखाली बसावं तर शाळेपुढचा लिंब रस्ता रुंद करताना गेलेला, आणि नियमात लिहिलेलं की वर्गाला छप्पर पाहिजे. तालुक्याच्या इंग्लिश मीडियमनं बाहेरची हवा आत ओढणारी मोठी यंत्रं बसवून घेतली. त्यांचा दिवा लाल झाला नाही. आमच्याकडे यंत्र नव्हतं, पंखाही एकच होता आणि तोही नुसता आवाज करायचा. आम्ही दप्तरं उचलली आणि घरी आलो.

घरी मोबाइलवर शाळा सुरू झाली. म्हणजे ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांची. आमचा मोबाइल आबांच्या खिशात, आणि आबा मेंढरांमागे माळावर. पूनम आईबरोबर बेदाणा निवडायला जायला लागली. तिथं बंद गोडाऊनमध्ये बायका खांद्याला खांदा लावून बसायच्या. तिथं कुणी डबी लावली नव्हती. ते गोडाऊन एक दिवसही बंद पडलं नाही. मला याचा एवढा राग यायचा की काकी म्हणायची, भाकरी थापतीयस का तिला मारतीयस.

मॅडम आठवड्यातून एकदा स्कूटरवरून अभ्यास द्यायला यायच्या. शाळेत ठेवली तर कुणी नेईल म्हणून डबी त्यांच्या पिशवीतच असायची. एकदा त्या आमच्याकडे आल्या तेव्हा बाहेर पाऊस होता. दार लावलेलं, आत काकी, काकीची तीन पोरं, मी आणि मॅडम. थोड्या वेळानं पिशवीतून डबी कोकलायला लागली. मॅडमनी काढून बघितलं. शंभरातले चार.

"मॅडम," मी म्हटलं, "तीन भरले म्हणून शाळा बंद केली. मग आता आमचं घर बंद करणार का?"

काकीनं मला डोळे वटारले. मॅडम डबीकडे बघत राहिल्या. "तुला घरी का पाठवलं याचं उत्तर मला देता आलं पाहिजे होतं, स्वरांजली," त्या म्हणाल्या. "मला येत नाही." मला पूर्ण नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. शिक्षकाला उत्तर येत नाही हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगते, मला मॅडम तेव्हापासून जास्त आवडायला लागल्या.

त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत दिवा हिरवा झाला नाही, तर आमची शाळा तालुक्याच्या शाळेत मिसळून टाकणार होते. म्हणजे कायमची बंद. तालुका नऊ किलोमीटर, एसटी एकच, तीही आली तर.

आबांना हे कळलं तेव्हा ते मेंढराच्या पायातला काटा काढत होते. "शाळा उघडली तर ऱ्हा," ते म्हणाले. "न्हाईतर आमच्यासंगं चल. हितं काकीच्या घरात नुसतं बसून काय करनार?"

"आबा, सातवी अर्धी हाय माझी."

"अगं, म्या अर्धी सोड असं म्हनालो का? शाळा असंल तर ऱ्हा म्हनलं. नसंल तर काय करू, सांग की."

आबांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त रडू आलं. मेंढरांमागे जायची मला लाज नाही. पण एकदा कोकणात उतरले की पुढच्या वर्षी परत वर्गात बसेन, असं मला वाटत नव्हतं. माझ्या दोन्ही चुलतबहिणींचं असंच झालं होतं.

मी डोकं चालवायला लागले. हवा उष्टी का होते? कारण ती अडते. मग आमच्याकडे हवा कुठं अडत नाही? असं छप्पर कुठं आहे की ज्याला भिंतच नाही? उत्तर समोर माळावर उभं होतं. बेदाण्याचं शेड.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेदाण्याच्या शेडाला वर पत्रा असतो आणि खाली खांब. खांबांना तारा बांधून एकावर एक जाळ्यांचे मजले करतात, त्यावर द्राक्षं पसरतात. शेड बांधतानाच वाऱ्याच्या आडवं बांधतात, म्हणजे वारा एका बाजूनं शिरून सगळ्या जाळ्यांतून दुसऱ्या बाजूला निघून जातो. जाताना द्राक्षातलं पाणी घेऊन जातो. दोन आठवड्यांत बेदाणा तयार. आणि एखाद्या बाजूला ताडपत्री अडकून राहिली, तर तेवढ्या कोपऱ्यातला माल काळा पडतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. द्राक्षातलं पाणी नेणारा वारा आमचा श्वास का नेणार नाही?

मॅडमना मी तात्यांच्या शेडात नेलं. तात्या म्हणजे वस्तीतले मोठे बागायतदार. हंगाम लांब होता, जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या, शेड रिकामं. डबीचा आकडा जवळजवळ शून्य.

"आपण दोघीच आहोत," मॅडम म्हणाल्या. "दोघींवरून काही सिद्ध होत नाही. सगळा वर्ग बसला पाहिजे."

मग दुसऱ्या दिवशी सगळा वर्गच बसवला. खालच्या तारा सोडून जागा केली, पोती अंथरली, मॅडमनी खांबाला फळा टेकवला. भागाकार रंगात आला असताना तात्या काठी आपटत आले.

"कुनाला इचारून तारा सोडल्या? आँ? ही काय धर्मशाळा हाय व्हय?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "तात्या, चूक झाली. पण एकदा हा आकडा बघा. एवढी मुलं बसलीत, तरी हजारातले दोनच श्वास उष्टे."

"मला काय त्याचं? सरकारी शाळा ती. ऱ्हायली काय न् गेली काय."

हे मला झोंबलं. तात्यांचा नातू इंग्लिश मीडियमला जायचा, गळ्यात टाय बांधून. मी म्हटलं, "तात्या, तुमच्या नातवाच्या शाळेचा आकडा किती हाय, माहीत हाय का?"

सगळ्या शाळांचे आकडे मोबाइलवर कुणालाही बघता यायचे. मॅडमनी काढून दाखवला. हजारातले आठ.

तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "म्हंजे? आमचं शेड त्या इंग्लिश मीडियमपेक्षा चांगलं?"

"चौपट," मी म्हटलं.

तात्या शेडाच्या खांबावर हात फिरवत एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "दिशा मी सोता धरली हुती ह्येची. गवंडी तिरकं बांधत हुता." आणि जाता जाता, "द्राक्षं येस्तोवर बसा. पन तारा परत तुमीच बांधायच्या." संध्याकाळपर्यंत ही चौपट सगळ्या वस्तीला पाठ झाली.

मॅडमनी अर्ज केला. उत्तर आलं: अधिकारी येतील, त्यांच्यासमोर पूर्ण तासभर आकडा मर्यादेच्या आत राहिला तर शेडातली शाळा मंजूर. एकच संधी. दिवस ठरला दिवाळीनंतरचा सोमवार. आबांची मेंढरं मंगळवारी हलणार होती.

सोमवारी सकाळी मी वेण्या घालून शेडावर गेले आणि बघतच राहिले. शेडाला चारी बाजूंनी लाल-पांढरी कनात लावली होती. आत गालिचा, दाराला झेंडूची कमान, साहेबांसाठी तात्यांच्या घरचा सोफा, टेबलावर शाल-श्रीफळ. आणि सत्कार बघायला अख्खी वस्ती आत येऊन बसलेली, तोंडाला रुमाल बांधून. मॅडम साहेबांना आणायला रस्त्यापर्यंत गेल्या होत्या.

"तात्या, ही कनात कशाला?"

"मग साहेबाला उघड्यावर बसवायचं? लोकं काय म्हनतील?"

"अवो, वारा अडतोय!"

"वाऱ्यानं फुलं उडून चाललीत, म्हनून तर लावली. जा, रांगंत उभी ऱ्हा."

तेवढ्यात साहेब आले. मॅडमचा चेहरा कनात बघून उतरला. त्या काही सांगायला लागल्या, पण हलगी वाजायला लागली, शाल घातली गेली, तात्यांचं भाषण झालं. साहेब भला माणूस होता. संकोचून गेला होता. सत्कार आटपता घेत त्यानं डबीचं बटण दाबलं आणि म्हणाला, "आता माप सुरू झालं. आता कुणी जायचं नाही, माणसं कमी केली तर माप बाद होतं. आणि आता मलाही ते थांबवता येत नाही."

मॅडमनी तास सुरू केला. आमचं कुणाचं लक्ष फळ्यावर नव्हतं. हजारातले चार. सहा. सात. दिवा पिवळा झाला, म्हणजे लाल व्हायला थोडंच राहिलं. कनातीच्या आत घाम, फुलं आणि माणसांचा वास दाटला होता. पूनम त्या दिवशी गोडाऊन चुकवून आली होती, तिनं माझा हात घट्ट धरला. आठ. नऊ.

मॅडमनी खडू खाली ठेवला. आवाज जराही न चढवता त्या म्हणाल्या, "स्वरांजली, उभी राहा. बेदाणा काळा कशानं पडतो?"

हे उत्तर मला झोपेतही आलं असतं. "शेडाला ताडपत्री राहिली की वारा अडतो, मॅडम. वारा अडला की पाणी आतच राहतं. मग माल काळा पडतो." आणि उत्तर देता देताच मी कनातीकडे चालायला लागले. "असा कपडा लावून आमच्यात कुणी बेदाणा वाळवत नाही. तात्या तर कधीच नाही."

तात्या सोफ्यामागे उभे होते. आधी त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं, कनातीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! वडा रं ती कनात! वडा!"

पण मंडपवाल्यानं गाठी अशा आवळल्या होत्या की सुटेनात. मी नखांनी ओढत होते, पोरं दातांनी ओढत होती. डबीतून आवाज आला. हजारातले साडेनऊ.

तेवढ्यात कनातीच्या वरच्या दोरीवर बाहेरून काहीतरी चमकलं. झाडाचा पाला ओढायची आमची आकडी, लांब काठीला बांधलेली विळी. एक झटका, दुसरा झटका, आणि माळाकडची सगळी कनात धाडकन खाली आली. पलीकडे आबा उभे होते, मागे मेंढरं. माझा आवाज त्यांनी बाहेर ऐकला होता.

दुसऱ्या बाजूची तात्यांनी स्वतः कापली. आणि मग आमचा वारा आत आला. झेंडूची कमान उडाली, साहेबांची शाल उडाली, फळ्यावरची खडूची धूळ उडाली. आम्ही सगळे डबीकडे बघत होतो. साडेनऊ. आठ. पाच. पिवळा दिवा जरा वेळ अडून बसला आणि हिरवा झाला. तीन.

टाळ्या वाजल्या तेव्हा साहेब ओरडले, "थांबा, थांबा! तास संपायचाय अजून. आहात तसे खाली बसा. तुम्हीसुद्धा!" हे शेवटचं आबांना. आबा पडलेल्या कनातीवरून एक पाऊल आत आले होते. ते आकडी बाहेर ठेवून मागच्या पोत्यावर पहिलीतल्या पोरांमध्ये मांडी घालून बसले. पटका काढावा की ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी काढून मांडीवर ठेवला.

मॅडमनी खडू उचलला आणि शिकवायला सुरुवात केली. भागाकारच होता. मी मधूनमधून मागे बघत होते. आबा फळ्यावरून नजर हलवत नव्हते. तास संपला तेव्हा दिवा हिरवाच होता आणि साहेबांनी मॅडमना हात जोडले.

सगळे पेढे खात असताना आबा माझ्याजवळ आले. डबीकडे बोट करून हळूच म्हणाले, "अंजे, ह्यात माझा बी श्वास मोजला का गं?"

"मोजला की, आबा."

"म्हंजे मुंबईला गेला?"

"गेला."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पटका नीट बांधायला लागले.

पुढं बरंच काही झालं. शेडातल्या शाळेची बातमी झाली, आसपासच्या वस्त्यांनी तसेच वर्ग काढले. फेब्रुवारीत द्राक्षं आली तेव्हा तात्यांनी अर्धं शेड आम्हाला ठेवलं. आमच्या शेजारी माल वाळत होता आणि पाठ्यपुस्तकांना गोड वास लागला होता. तात्यांचा नातू टाय काढून आमच्यात येऊन बसला. आमच्या वर्गात ती ओली पट्टी एकदाही निळी झाली नाही. साथ गेल्यावर सरकारनं शाळेच्या त्या स्लॅबच्या खोलीची खिडक्यांसमोरची भिंत फोडून तिलाही मोठ्या खिडक्या काढून दिल्या. हे सगळं मी छाती फुगवून सांगते, आणि कुणाला आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

पण माझ्या मनात घट्ट राहिलाय तो मंगळवार. सकाळी आमची प्रार्थना चालू होती आणि मेंढरं शेडाच्या कडेनं पश्चिमेला निघाली होती. आई पुढं घोड्यावर सामान लादून चाललेली, आबा मागं. परगावचा कुणी मेंढका त्यांना भेटला. त्यानं पत्र्याखाली हात जोडून उभी असलेली पोरं बघितली आणि विचारलं, "पावनं, हे काय हाय वो?"

आमच्या शाळेला भिंत नव्हती, त्यामुळे आबांचं उत्तर सगळ्या वर्गाला ऐकू आलं.

"आमची शाळा हाय," आबा म्हणाले. "काल म्या बी हुतो."

प्रार्थनेची पुढची ओळ मला म्हणता आली नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनाही ती जमली नाही.